लहान गावातल्या डेटिंग अ‍ॅपवर पीएचडी: नावं बदलली की माणसं लपतात का?

मृण्मयी_ज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी राहून मी माध्यम-अभ्यासात पीएचडी करते आहे. कोर्सवर्क झालं, आता प्रत्यक्ष कामाला लागायचं आहे. विषय साधारण असा: आमच्यासारख्या गावातली वीस ते तिशीची मुलं-मुली मोबाइलवरून प्रेम, जोडीदार आणि शरीरसंबंध यांचा शोध कसा घेतात. यात मुलगे आवडणारे मुलगे आले, तसंच घरच्यांना अंधारात ठेवून दुसऱ्या जातीतल्या मुलाशी इन्स्टाग्रामवर बोलणाऱ्या मुलीही आल्या.

गाइडसर विषयाच्या बाजूने ठाम आहेत. पाचर बसली ती आरआरसीत, म्हणजे संशोधनाच्या विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत. एक सदस्य म्हणाले, तीनशे जणांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि प्रत्येकाचं नाव, सही, मोबाइल नंबर परिशिष्टात जोडा, नाहीतर तुमचा डेटा खरा कशावरून? दुसऱ्यांनी अगदी उलटं सुचवलं. मुलाखतींच्या भानगडीत पडूच नका, अ‍ॅपवर खातं उघडा, दोन-अडीचशे प्रोफाइल उतरवून घ्या आणि आशय-विश्लेषण करा. लोकांनी आपणहून उघड्यावर टाकलेलं आहे, विचारायची गरजच नाही.

मला दोन्ही पटत नाहीत, पण का पटत नाहीत ते समितीला पटेल अशा शब्दांत मांडता येत नाहीये. माझ्या एका मित्राने त्याच्या फोनवर ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांचं डेटिंग अ‍ॅप उघडून दाखवलं. पुण्यात असताना म्हणे अर्ध्या किलोमीटरच्या आतच पडदा भरून जातो. इथे दुसऱ्या ओळीतच अंतर वीस किलोमीटरवर जातं. एका प्रोफाइलवर फोटो नव्हता, नाव नव्हतं, फक्त लिहिलं होतं: 'मेडिकलवर असतो, रात्री ९ नंतर मोकळा.' रात्री नऊपर्यंत उघडी असणारी मेडिकलं आमच्या गावात किती असतील ते मी बोटांवर मोजून सांगेन.

ज्यांनी अशा विषयांवर काम केलं आहे त्यांनी कृपया सांगा. संमती कशी घ्यायची? प्रोफाइलमधली वाक्यं वापरावीत का? आणि समितीला काय उत्तर द्यायचं?

पांझराकाठ

मृण्मयी, तुला 'तू'च म्हणते. मी खानदेशातल्या एका गावात याच्या जवळच्या विषयावर पीएचडी केली आणि आता महाविद्यालयात शिकवते. लांबलचक लिहिणार आहे, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि मराठीत यावर कोणी नीट बोलत नाही.

तुझ्या त्या मेडिकलवाल्या ओळीतच समितीला द्यायचं उत्तर आहे. नाव नाही, फोटो नाही, तरी माणूस सापडला. आपल्याकडे शोधनिबंधात 'सहभागींची नावे बदलली आहेत' असं एक वाक्य घातलं की गोपनीयतेचं काम झालं असं समजतात. मुंबईत ते निम्मं तरी खरं असेल. तालुक्याच्या गावात माणसाची ओळख नावात नसते. ती धंद्यात, वेळेत, गल्लीत, आडनावात, कोणत्या कॉलेजला होता यात असते. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आणि इथे तर तू त्यांच्या हातात दोरखंड देशील.

हे फक्त आपल्या गावांचं दुखणं आहे असंही नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही समाजशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठाच्या एका संपूर्ण वर्गाच्या, जवळपास १७०० विद्यार्थ्यांच्या, फेसबुक प्रोफाइलचा डेटा इतर अभ्यासकांसाठी खुला केला. नावं काढली होती, विद्यापीठाचं नावही दिलं नव्हतं. विद्यार्थ्यांची नावं शोधायची वेळच आली नाही. सोबत जोडलेल्या माहितीपत्रकात विषयांची यादी होती, तिच्यातले काही विषय मोजक्याच ठिकाणी शिकवले जातात, आणि तेवढ्यावरून थोड्याच दिवसांत कळलं की हे हार्वर्ड आहे. मायकेल झिमर या अभ्यासकाने यावर सविस्तर लिहिलं. त्याचा एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रोफाइल उतरवून घेणारे सहायक त्याच विद्यापीठातले होते. म्हणजे काही विद्यार्थ्यांनी जे फक्त आपल्या विद्यापीठातल्यांना दिसावं म्हणून ठेवलं होतं, ते या सहायकांना दिसलं आणि तिथून जगाला खुलं झालं.

तुझ्या दुसऱ्या सदस्यांचं 'उघड्यावर आहे' हे म्हणणं इथेच कोसळतं. उघड्यावर म्हणजे कोणासमोर? मेडिकलवरच्या त्या मुलाने ती ओळ त्याच्यासारख्याच चार जणांनी वाचावी म्हणून लिहिली. तुझ्या प्रबंधाच्या परीक्षकांसाठी किंवा त्याच्या मालकासाठी लिहिलेली नाही. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या साथीदारांनी ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या जवळपास सत्तर हजार लोकांची माहिती यंत्राने ओरबाडून थेट इंटरनेटवर ठेवली. वय, ठिकाण, लैंगिक आवडीनिवडींबद्दलची उत्तरं आणि साइटवरची टोपणनावंसुद्धा. टीका झाली तेव्हा उत्तर हेच होतं, की डेटा आधीच सार्वजनिक होता. साइटने कॉपीराइटचा दावा केल्यावर ती फाइल काढावी लागली, पण तोवर ज्यांनी उतरवून घ्यायची त्यांनी घेतली होती.

आणि हे इंटरनेटमुळे सुरू झालं असंही समजू नकोस. लॉड हम्फ्रीज नावाचा समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये सार्वजनिक शौचालयांत भेटणाऱ्या पुरुषांचा अभ्यास करत होता. आपण संशोधक आहोत हे त्याने बहुतेकांना सांगितलं नाही. त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते काढले आणि वर्षभराने केस, कपडे, गाडी बदलून आरोग्य-सर्वेक्षणाच्या नावाखाली तो त्यांच्या घरी गेला. त्यांतले बरेचसे संसारी होते, बायका-मुलं घरात. हम्फ्रीजचा हेतू वाईट नव्हता. पोलीस ज्यांना विकृत म्हणून पकडतात ती चारचौघांसारखी माणसं आहेत हेच त्याला दाखवायचं होतं, आणि १९७० मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाला पुरस्कारही मिळाला. तरीही संशोधनाची नीतिमत्ता शिकवताना आज पन्नास वर्षांनी त्याचं नाव घेतात ते 'असं करू नका' म्हणून. ती गाडीच्या नंबरांची वही आणि तुझ्या पहिल्या सदस्यांना हवं असलेलं सह्यांचं परिशिष्ट, दोन्हींत काय फरक आहे ते त्यांनाच विचार.

त्या परिशिष्टाला तर साफ नकार दे. तू पूर्ण प्रबंधात नावं बदलशील आणि शेवटच्या पानांवर खऱ्या नावांची यादी, सही आणि नंबरसकट जोडशील, याला काय अर्थ आहे? आणि प्रबंध कपाटात पडून राहण्याचे दिवस गेले. पीएचडीचे प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर, चढतात. गावाचं नाव आणि 'समलैंगिक' हे दोन शब्द टाकले की तुझं पान कोणाच्याही मोबाइलवर उघडेल. तुझ्या सहभागींच्या भावाच्याही.

संमती तोंडी घ्यायची. कागद करायचाच असेल तर त्यावर सही तुझी हवी, त्यांची नको: 'मी या व्यक्तीला अमुक गोष्टी समजावून सांगितल्या, तिने होकार दिला, दिनांक अमुक.' आणि संमती एकदाच घेऊन मोकळं व्हायचं नाही. मी मुलाखतीच्या आधी विचारायची, संपल्यावर विचारायची, आणि लिहून झाल्यावर त्या व्यक्तीबद्दलची पानं तिला वाचून दाखवायची. एका बाईंनी ऐकता ऐकता मला थांबवलं. मी त्यांचं गाव बदललं होतं, नवऱ्याचा धंदा बदलला होता, पण 'सासूच्या जुन्या नोकियावरून मिस्ड कॉल द्यायची' हे तसंच ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, 'ताई, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, यावरून नणंद ओळखेल.' इतकं छान तपशीलवार वाक्य होतं ते. काढलं.

तेव्हा प्रोफाइलमधली वाक्यं जशीच्या तशी वापरू नकोस. संमती असली तरी नको. उघड्या पोस्टमधलं वाक्य अवतरणात दिलं की गूगलवर टाकून मूळ माणसापर्यंत जाता येतं. अ‍ॅनेट मार्कहॅम या अभ्यासिकेने २०१२ मध्ये याच अडचणीवर एक वाट सुचवली: अनेक माणसांचे अनुभव एकत्र करून एक व्यक्तिचित्र रचायचं आणि ते रचलेलं आहे हे वाचकाला स्पष्ट सांगायचं. आपल्याकडच्या समित्यांना 'रचलेलं' म्हटलं की धडकी भरते. पण पद्धतीच्या प्रकरणात कारण मांडलं की परीक्षक ऐकतात, माझ्या परीक्षकांनी ऐकलं.

आता फोन. सगळं लक्ष प्रबंधावर असतं आणि गळती फोनमधून होते. मुलाखतीच्या मुलामुलींचे नंबर 'टिंडर ७', 'गे २' असे सेव्ह करू नकोस. कॉलर ओळखणारी काही अ‍ॅप तुझी संपर्कयादी वाचतात, आणि तू ठेवलेलं नाव तिसऱ्याच्या पडद्यावर उमटू शकतं. इन्स्टाग्राम-फेसबुकला संपर्कयादीची परवानगी बंद ठेव, नाहीतर तुझ्या सहभागींना तू आणि एकमेकांना ते 'ओळखीचे असतील' म्हणून सुचवले जातील. स्क्रीनशॉट आपोआप क्लाउडवर जातात, आणि पुष्कळ घरांत ते खातं वडिलांच्या टॅबवरही चालू असतं. रेकॉर्डिंग कोणत्याही फुकट वेबसाइटवर चढवून त्याचं लिखाण करून घेऊ नकोस. हाताने लिही, वेळ लागेल तो लागू दे.

आणि एक बारकावा, जो मला एका सुरक्षातज्ज्ञ मित्राने कागदावर काढून दाखवला होता. अ‍ॅपवर अंतर दिसतं ना? तू वहीत लिहिशील: 'अमुक प्रोफाइल, हॉस्टेलवरून १.२ किमी.' दुसऱ्या दिवशी, 'कॉलेजवरून ७०० मीटर.' तिसऱ्या दिवशी, 'स्टँडवरून २ किमी.' नकाशावर त्या त्या त्रिज्येची तीन वर्तुळं काढ. तिन्ही वेळी तो माणूस घरी असेल, तर ती जिथे एकमेकांना छेदतील तिथे त्याचं घर आहे. २०१४ मध्ये ग्राइंडरच्या बाबतीत सुरक्षा-संशोधकांनी नेमकं हेच करून दाखवलं होतं, आणि त्यानंतर ज्या देशांत अशा माणसांवर कारवाई होते तिथे कंपनीला अंतर दाखवणं बंद करावं लागलं. तुझी क्षेत्र-नोंदींची वही हा घरांचा नकाशा होऊ शकतो. अंतर लिहायचंच नाही.

रात्रपाळी

सहसा मी इथे नुसतं वाचतो. पण हा धागा बघून लिहावंसं वाटलं.

मी अशाच एका गावात नोकरीला होतो. अ‍ॅपवर चेहरा ठेवला नव्हता, गळ्यापासून खालचा फोटो होता. एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात कोणीतरी 'लहान शहरातील डिजिटल लैंगिकता' असं काहीतरी सादर केलं आणि त्यात पाच-सहा प्रोफाइलचे स्क्रीनशॉट लावले. त्यात माझा. डोळे झाकायचा प्रश्नच नव्हता, चेहराच नव्हता. पण टी-शर्ट आमच्या व्हॉलीबॉल संघाचा होता. ते सादरीकरण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं आणि संघातल्या एकाने ते मलाच पाठवलं. खाली काही लिहिलं नव्हतं, नुसता फोटो.

त्याने पुढे कोणाला सांगितलं नाही, हे त्याचे उपकार. पण त्यानंतर मी मैदानावर गेलो नाही, आणि संधी मिळाल्यावर बदली मागून घेतली. घरी कारण सांगता आलं नाही.

ज्यांनी ते केलं त्यांना मी दोष दिला तर ते म्हणतील आम्ही तर तुमच्याच बाजूने बोलत होतो. खरंही असेल. मला फक्त एवढं सांगायचं आहे की त्यांनी अ‍ॅपवरच एक मेसेज टाकला असता, 'मी अभ्यास करतो आहे, हा फोटो वापरू का?', तर मी नाही म्हटलं असतं आणि बोलायला मात्र तयार झालो असतो. आम्हाला सांगायचं खूप असतं हो. विचारणारं कोणी नसतं.

मृण्मयीताई, तुमचा अभ्यास व्हायलाच हवा.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत डेटा सायन्समध्ये काम करतो. रात्रपाळी यांचा अनुभव वाचून फार वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही मांडतो, कारण ती खरीच आहे.

फक्त जे बोलायला तयार होतात त्यांच्याशीच बोललात तर तुमच्या हाती धीट, शिकलेली, इंग्रजी येणारी मुलं लागतील. ज्याचं लग्न ठरलं आहे तो तुमच्यासमोर बसणार नाही. जी मुलगी घरातल्या एकाच फोनवर कुकरच्या शिट्टीआड दोन मिनिटं बोलते तीही नाही. मोठ्या प्रमाणावरचा डेटा या लोकांपर्यंत पोचतो. किती वाजता लोक अ‍ॅप उघडतात, कोणत्या दिवसांत खातं बंद करतात, लग्नसराईत काय होतं हे मुलाखतीतून कधीच कळणार नाही. नावं-फोटो न घेता फक्त आकडे घेतले तर काय हरकत आहे? सगळंच निषिद्ध मानलं तर हे लोक अभ्यासातून पुन्हा अदृश्य होतील, आणि त्यांच्याविषयी धोरण ठरवणारे म्हणतील, लहान गावात असलं काही नसतंच.

पांझराकाठ

एडिसनकर, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्यांना बोलता येत नाही ते अभ्यासातून गळतात आणि हे मोठं नुकसान आहे. पण 'फक्त आकडे' हे जितकं निरुपद्रवी वाटतं तितकं नाही.

एमआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांनी फेसबुकवरचे मित्र बघून कोण समलिंगी असेल याचा अंदाज बांधता येतो हे दाखवलं, त्यांचा निबंध २००९ मध्ये आला. त्यासाठी त्या व्यक्तीने स्वतःबद्दल एक अक्षर लिहायची गरज नव्हती. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी डेटिंग साइटवरचे फोटो घेऊन यंत्राला चेहऱ्यावरून लैंगिकता ओळखायला शिकवल्याचा दावा केला. यंत्र चेहरा ओळखत होतं की फोटो काढायची ढब, दाढी, चष्मा, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण ज्यांचे फोटो वापरले त्यांनी जोडीदार मिळावा म्हणून ते लावले होते, असल्या यंत्राला शिकवण्यासाठी नव्हे. आणि २०२१ मध्ये अमेरिकेत बिशपांच्या परिषदेचे सरचिटणीस असलेल्या धर्मगुरूंना पायउतार व्हावं लागलं, ते कशावरून? बाजारात विकत मिळणाऱ्या, नाव नसलेल्या अ‍ॅपच्या ठिकाण-नोंदींवरून. एका वृत्तसंस्थेने बघितलं की हा फोन रात्री कुठे असतो आणि दिवसा कोणत्या कार्यालयात. घर आणि ऑफिस कळलं की नावाला काय लागतं?

तुम्ही म्हणता तसा वेळेचा आकडा आमच्या गावाचा घेतला, 'दुपारी दोन ते तीन, एक वापरकर्ता', तर तो एक माणूस आहे. मोठ्या शहरात आकडा आकडा राहतो, इथे त्याचा माणूस होतो. माझा विरोध मोजण्याला नाही. मोजायचं असेल तर पाच-सहा जिल्हे मिळून मोजा, आणि ज्या रकान्यात दहापेक्षा कमी माणसं येतील तो छापू नका.

मृण्मयी, लोकांना हात न लावता करण्यासारखं पुष्कळ आहे, त्याकडे तुझं लक्ष वेधते. अ‍ॅपचाच अभ्यास कर. बेन लाइट, जीन बर्जेस आणि स्टेफनी डुग्वे यांनी यासाठी एक पद्धत मांडली आहे: खातं उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत एकेक पडदा पुढे नेत टिपायचं. काय विचारलं जातं, काय विचारलं जात नाही, काय न सांगता आधीच चालू ठेवलेलं असतं. मराठी आहे का? 'धर्म' विचारतात का, 'समाज' म्हणून काय दिसतं? लग्न जुळवणाऱ्या अ‍ॅपवर पोटजातीचा रकाना किती पायऱ्यांनंतर येतो आणि 'लैंगिकता' हा रकाना मुळात असतो का, हे नुसतं शेजारी शेजारी ठेवलंस तरी एक प्रकरण होईल, आणि त्यात कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही.

दुसरं, जे तयार होतील त्यांच्याबरोबर बसून त्यांचाच फोन त्यांनाच चाळू दे. मागच्या दोन-चार वर्षांच्या पोस्ट त्यांनी वर सरकवत जायच्या आणि बोलायचं. फोन त्यांच्या हातात, थांबायचं कुठे ते त्यांनी ठरवायचं, तू फोटो काढायचा नाही. मी हे एका मुलीबरोबर केलं. बोट सरकता सरकता एका महिन्यात सगळं रिकामं. मी काही विचारलं नाही. ती म्हणाली, 'या महिन्यात भावाने फोन घेतला होता.' पुढचा तास ती त्या रिकाम्या महिन्यावर बोलली. प्रोफाइल उतरवून घेणाऱ्याला तिथे काय मिळालं असतं? काहीच नाही.

मुलींच्या बाबतीत धोका वेगळा आहे हे समितीला आवर्जून सांग. मुंबईतल्या स्त्रियांच्या इंटरनेट-वापरावर मंजिमा भट्टाचार्य आणि माया गणेश यांनी काम केलं, ते २०११ मध्ये ब्राझील, लेबनॉन, दक्षिण आफ्रिका, अमेरिका यांच्या जोडीने एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात आलं. स्त्रिया जवळीकही शोधतात आणि धोकाही ओळखून असतात, दोन्ही एकाच वेळी सांभाळतात, हे त्यातून फार चांगलं दिसतं. तुझ्या भागात त्या धोक्याला जातीची धार आहे. सहभागीचं खोटं नाव ठेवताना आडनावच ठेवू नकोस.

अ‍ॅड_कऱ्हाड

कायद्याच्या अंगाने थोडक्यात.

समिती 'बेकायदा विषय' म्हणाली तर ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेजसिंग जोहर निकाल दाखवा. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. नवीन भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतलं ते कलम ३७७ च नाही.

वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, संशोधक आणि सहभागी यांच्यातल्या बोलण्याला तसं नाही. पोलिसांनी नोटीस काढून रेकॉर्डिंग मागितलं तर 'मी गोपनीयतेचं वचन दिलं आहे' हे उत्तर पुरणार नाही. तेव्हा जे लागत नाही ते ठेवू नका. लिखाण झालं की आवाज पुसा, आणि हे पुसणं तुमच्या मान्य आराखड्यात आधीच लिहिलेलं असू द्या. नोटीस आल्यावर पुसलंत तर तो पुरावा नष्ट करणं ठरेल.

अठरा वर्षांखालच्यांशी बोलू नका. पण खरी अडचण वेगळीच आहे. बावीस वर्षांची मुलगी सांगू लागली, 'मी सोळाची असताना...', तर पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलेल्या कोणाही व्यक्तीवर कळवण्याचं बंधन आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अठराच्या आत संमतीला अर्थ नाही, त्यामुळे 'ते प्रेमप्रकरण होतं' हे चालत नाही. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच सांगा: अठरानंतरचं बोलू, आधीचं सांगितलंत तर माझ्यावर कायद्याचं बंधन आहे. सांगायचं की नाही ते त्यांना ठरवता आलं पाहिजे.

कोणी खासगी फोटो पाठवले तर घेऊ नका. लैंगिक कृती दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली येतं, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. प्रबंधात स्क्रीनशॉट जोडून तो वेबसाइटवर चढवण्याआधी याचा विचार करा.

मृण्मयी_ज (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळीदादा, तुम्ही लिहिलंत हे माझ्यासाठी फार मोठं आहे. तुमच्या प्रतिसादाबद्दल मी समितीसमोर तुम्हाला विचारल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही.

पांझराकाठताई, एकच प्रश्न उरतो. सह्या नाहीत, रेकॉर्डिंग पुसलेलं, गाव बदललेलं, व्यक्तिचित्रं एकत्र करून रचलेली. मग सदस्य विचारतील तेच पुन्हा विचारतील: हे तुम्ही घरी बसून लिहिलं नाही कशावरून?

पांझराकाठ

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नकोस. समितीचा संशय दूर करायची जबाबदारी तुझी आहे. फक्त ती सहभागींच्या गळ्यात टाकायची नाही.

मी असं केलं होतं. रेकॉर्डिंग पुसण्याआधी गाइडसोबत बसले आणि त्यांनी स्वतः निवडलेल्या काही मुलाखतींचे तुकडे ऐकले, शेजारी माझं लिखाण ठेवून. त्यांनी लिहून दिलं, 'मी ऐकलं आहे, जुळतं आहे.' ते पत्र परिशिष्टात गेलं. असं कोणीतरी ऐकणार आहे हे सहभागींना आधीच सांगितलेलं होतं, आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या फिती बाजूला ठेवल्या होत्या. गाइड त्याच गावातले असतील तर मात्र हे काम बाहेरच्या विद्यापीठातल्या कोणाकडे दे, आवाजावरूनही माणूस ओळखतो.

तुझ्या विद्यापीठात समाजशास्त्राच्या संशोधनासाठी नैतिकता समिती नसेल, तर असलेल्या समित्यांकडे सल्ला माग. वैद्यकीय महाविद्यालयांत त्या असतातच. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टकडेही स्वतःची आहे आणि या विषयातले धोके त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाहीत. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी निगडित सामाजिक संशोधनालाही लागू आहेत. त्यातला गोपनीयतेचा भाग छापून समितीसमोर ठेव, कागद दिसला की सूर बदलतो.

आणि कोणी म्हटलंच की हे पाश्चात्त्य खूळ आहे, मराठी माणसाला यात रस नाही, तर र. धों. कर्व्यांची आठवण करून दे. १९२७ ते १९५३ त्यांचं लैंगिक शिक्षणाचं मासिक 'समाजस्वास्थ्य' चाललं. १९३४ च्या ज्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. माणसं तेव्हाही विचारत होती.

दुसरं नाव घेताना मला त्रास होतो, पण घे. रामचंद्र सिरास. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आपली मराठी शिकवणारे प्राध्यापक आणि कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली, चित्रीकरण झालं, आणि निलंबन झालं ते सरांचं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, आणि आठवडाभरातच ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. तुझ्या समितीला वाटतं की स्क्रीनशॉट म्हणजे नुसता डेटा. त्यांना या माणसाबद्दल सांग.

आराखड्याचा मसुदा तयार झाला की मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, विशेषतः संमतीचं पान. तोंडी सांगायचं ते बोलीभाषेत लिही, प्रमाण मराठीत लिहिलंस तर मुलं मान डोलावतील आणि कळलेलं नसेल. आणि रात्रपाळींची हरकत नसेल तर ते पान आधी त्यांना वाचू दे, माझ्याआधी.

रात्रपाळी

हरकत नाही. पाठवा.